सव्वीस इंची चाक

नोकरी लागली तेव्हा मी विशीत होते. नागपूरला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत दिवसभर बसून काम करायचं, आणि बसणं मला कधीच जमलं नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. आमच्या प्रताप नगरात त्या काळी घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते आणि सिटी बस आली तर आली. थांब्यावर उभं राहून माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. शेवटी घरी सांगून टाकलं की मी सायकल घेणार.

दुकानात दादा सोबत आला. तो माझ्याहून थोडा मोठा, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला, पण नोकरी नाही. दुकानात मी बाबांच्या सायकलसारख्या उंच, काळ्या, अठ्ठावीस इंची चाकांच्या सायकलवर हात ठेवला, तसे दादा आणि दुकानदार दोघंही हसले. दुकानदारानं समजावलं की मोठं चाक एका फेऱ्यात लांब जातं, ते पुरुषांच्या कामाचं. सव्वीस इंची चाकाला पायडल जास्त मारावे लागतात, पण बायकांना कुठं लांब जायचं असतं? मी सव्वीस इंची लेडीज सायकल घेतली. घरी येताना दादा बाबांच्या सायकलवर पुढं होता आणि सारखा वेग कमी करून मागं बघत होता. मी त्याच्या चाकाला चाक लावूनच होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच दुकानात एक पोस्टर लागलं. हिरव्या स्पोर्ट्स सायकलवर गॉगल घातलेला तरुण, उडणारी कॉलर, मागं नागपूरच्या आसपास कुठंच नसलेले डोंगर, आणि खाली लिहिलेलं: लहान चाक, वाऱ्याचा वेग. दादाला त्या पोस्टरनं पछाडलं. ठिकठिकाणी अर्ज केलेले, कुठूनच बोलावणं नाही. दिवसभर फाटकाशी उभा राहायचा, आत यायचा, पुन्हा बाहेर जायचा. आमच्या दोघांची तगमग एकच होती, फक्त ती आम्ही एकमेकांजवळ बोललो नाही. शिकवण्या करून त्यानं ती हिरवी स्पोर्ट्स सायकल घेतलीच.

मग घरात रोज जेवताना चाकांवरून वाद. दादा म्हणे, लहान चाक हलकं, लगेच वेग घेतं. बाबा म्हणत, मोठं चाक खड्ड्यावरून निघून जातं आणि लहान त्यात बसतं. एकदा मी मध्येच विचारलं की तुझं चाक किती इंची.

"सव्वीस," दादा म्हणाला.

"माझंही सव्वीसच आहे."

"तुही सायकल लेडीज आहे. हे स्पोर्ट्स."

मी त्याला अंगणात ओढत नेलं. दोन्ही टायरवर तेच आकडे होते. ते वाचून तो म्हणाला, रबर सारखं असंन, चाक वेगळं राहते.

आणि मग कोराडीच्या वीज केंद्रातून त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. नेमक्या त्याच दिवशी बसवाल्यांचा संप. दादानं सायकलनं जायचं ठरवलं. माझी सुट्टी होती, कोराडीच्या कॉलनीत माझी मैत्रीण राहायची, म्हणून मीही निघाले. घरी बसवणार नव्हतं, हे खरं कारण.

मानकापूर मागं पडल्यावर कोळशाचे ट्रक सुरू झाले. रस्ता उखडलेला, त्यावर राखेचा थर, खड्डा कुठं आहे ते दिसेना. दादा पुढं सुसाट. एका ट्रकनं दाबलं म्हणून तो कडेला गेला आणि त्याचं पुढचं चाक खड्ड्यात आपटलं. मी पोचले तेव्हा तो उभा होता, कोपर सोललेलं, आणि चाकाची रिम अशी वाकलेली की ते फिरेचना.

मी माझी सायकल त्याच्यापुढं केली. ती घ्यायला तो तयार होईना. मुलाखतीला आलेली पोरं फाटकाशी उभी असतील, लेडीज सायकलवर कसा जाऊ, असं त्याचं चाललं होतं. मला इतका राग आला की ओरडावंसं वाटलं. पण तो सारखा घड्याळाकडे बघत होता.

जवळच पंक्चरचं दुकान होतं. मी तिथल्या माणसाला सांगितलं, माझं पुढचं चाक काढा आणि याच्या सायकलला लावा. दादा म्हणाला, बसणार नाही. चाक बसलं. ब्रेक थोडे घासत होते, ते त्या माणसानं ढिले केले. दादानं सायकलवर टांग टाकली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

दोन पायांची सवय असलेल्याचा एक पाय काढून घ्यावा तशी मी तिथं थांबले. बसायला बाकडं होतं, पण मी बसले नाही. रस्त्याच्या कडेनं इकडून तिकडे चालत राहिले. साडी राखेनं करडी झाली. प्रत्येक ट्रकबरोबर वाटायचं, आपणच त्यात चढून जावं, कुठंही.

उन्हं कलल्यावर तो आला. उतरला, रुमालानं तोंड पुसलं.

"घेऊन राहिले मले," तो म्हणाला. मग चाकाकडे बघत, "तेच आहे वं. काहीच फरक नाही पडला."

माझं चाक परत माझ्या सायकलला लावून घेतलं. वाकलेली रिम माझ्या कॅरिअरला बांधून आम्ही पायी निघालो, दादा त्याची सायकल पुढून उचलून मागच्या चाकावर ढकलत. मानकापूरपर्यंत तो बोलत होता, मुलाखतीबद्दल, साहेबांबद्दल, मिळणाऱ्या क्वार्टरबद्दल. मी ऐकत होते आणि आत काहीतरी धुमसत होतं. तो सुटला होता. माझी ती खोली उद्याही तिथंच होती.

रिम बदलायला दुकानात मी गेले. एकच चाक एकदा बायकांचं आणि एकदा वाऱ्याच्या वेगाचं कसं, असं दुकानदाराला विचारलं. तो रागावला नाही. म्हणाला, "ताई, कंपनी जे लिहून पाठवते ते मी बोलतो. गिऱ्हाईकाले तेच ऐकायचं राहते."

दादा कोराडीला राहायला गेला, त्याचं लग्न झालं. वहिनींना सायकल शिकायची होती. त्यांच्यासाठी कोणती घ्यायची म्हणून त्यानं मला सोबत नेलं. वहिनींनी पुरुषांसारखी दांडीची, लाल स्पोर्ट्स निवडली आणि भीत भीत त्याच्याकडे पाहिलं. दादा म्हणाला, "घे. चाकं सारखीच राहतात." साडी खोचून वहिनी कॉलनीच्या रस्त्यावर ती चालवायला लागल्या, बायका दारात येऊन बघायला लागल्या. दादा सीट धरून मागं पळत होता. मी फाटकाशी उभी होते. परगावच्या दवाखान्यात जागा निघाली होती. अर्ज करते आहे, हे त्याला कधी सांगावं, ते मला सुचत नव्हतं.