थोरल्याचे दूध कोणी तोडले

आमच्याकडे लग्नकार्य निघाले, की पंगती उठल्यावर एक कथा हमखास सांगितली जाते. माझ्या थोरल्या मुलाचे अंगावरचे दूध कसे तोडले, ही. दर लग्नात तिची नवी प्रत निघते आणि प्रतीचा नायक बहुधा सांगणारा स्वतःच असतो. ज्याच्या दुधाविषयी हे चालते, तो आता स्वतः आजोबा आहे आणि तोही मन लावून ऐकतो. मी ऐकून घेत नाही. त्या वेळी मी त्या घरात होतो, शुद्धीवर होतो, आणि इतरांच्या दुर्दैवाने अजूनही आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. मोताळ्याजवळच्या एका खेड्यात मी प्राथमिक शिक्षक होतो. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात आमचा जिल्हा अद्याप मध्यप्रदेशातच नांदत होता. मुलगा दीड वर्षाचा. त्याला गोवर येऊन गेला होता आणि जाताना अंगावरचे मांस व तोंडाची चव घेऊन गेला होता. पेज, वरणभात, दुधात कुस्करलेली भाकर, जे भरवावे ते तो गालात धरून ठेवी आणि सवडीने बाहेर काढी. पोटात राही ते फक्त आईचे दूध. अशात माझ्या पत्नीला पुन्हा दिवस गेले.

माझ्या आईला ही बातमी कोणी दिली नाही. फोडणीच्या वासाने सून चुलीपासून उठून गेली, तेवढे तिला पुरले.

"पोटुशीचं दूध म्हंजे इख," आई म्हणाली. "पोराले मुडदूस धरीन. आजच तोड."

"आत्याबाई, तो दुसरं काईच खात नाई."

"खात नाई, कारण तू पाजून राह्यली."

या तर्कापुढे मोठमोठे वकील हरले असते. मात्र आईने स्वतःचे एक मूल असेच वाळत गेलेले पाहिले होते, हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा, हे मी तिच्या बाजूने नोंदवतो. ती दुष्ट नव्हती. तिला फक्त खात्री होती.

पहिली प्रत आईची. तिने कडुनिंबाचा पाला वाटून सुनेला लावायला दिला आणि मुलाने एका चाटण्यात दूध सोडले, असे ती मरेपर्यंत सांगत असे. मी समोर होतो. मुलाने चाटले, तोंड वेडेवाकडे केले, क्षणभर विचार केला. मग आपल्या आईच्या पदराचे टोक धरून पाला स्वच्छ पुसला आणि निवांत प्यायला. माझ्या वर्गातल्या चौथीच्या मुलांना पाटी इतकी स्वच्छ पुसता येत नसे.

तिसरी प्रत आधी निकालात काढतो, कारण ती खुद्द थोरल्याची असून माझी स्तुती करणारी आहे. तिच्यात मी पुरोगामी गुरुजी असतो आणि आईला बाणेदारपणे सुनावतो, की बाळ दूध पिणारच. असले वाक्य मी उच्चारले नाही. मी मुलाला खांद्यावर घेतले आणि मोताळ्याच्या एस.टी.त बसलो. आईने ठरवले होते, की आठ दिवस त्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे ठेवावे, म्हणजे त्याला त्याची आई दिसायची नाही आणि दूधही आठवायचे नाही. पत्नीला मी विचारलेसुद्धा नाही. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "नेता तर न्या. पण तो उपाशी राह्यला तर मले सांगा. लपवू नका."

दुसरी प्रत या बहिणीची. ती आज नव्वदीला टेकली आहे आणि तिचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत आहे, त्यामुळे तिचीच प्रत सर्वमान्य झाली. आठ दिवस मुलगा तिच्याकडे राहिला, भाकर खाऊन गुटगुटीत झाला आणि दूध विसरला! प्रत्यक्षात तिसऱ्याच दिवशी मी रजेचा अर्ज देऊन मोताळा गाठला. बहीण ओसरीवर बसली होती. तिची पाच महिन्यांची मुलगी झोळीत झोपली होती, आणि मांडीवर माझे चिरंजीव घुटूघुटू पीत होते.

"काऊन आला बे असा, न सांगता?"

"आक्का, हे काय?"

"काय म्हंजे? रडूरडू गळा बसला त्याचा. तीन रोज उपाशी मारू काय?"

"मंग दूध तोडाले आणलं होतं का बदलाले?"

"गुमान बस. मायले सांगशीन तर याद राख."

मुलाला घेऊन मी परतलो. आक्काने 'तुटलं' असा निरोप आधीच धाडला होता, म्हणून आईने शेजारणींना मुलाच्या दर्शनाला बोलावले होते. दर्शन चालू असतानाच तो आपल्या आईच्या मांडीवर चढला. बायांनी तोंडाला पदर लावले. पत्नीने त्याच्यावर पदर ओढला आणि सासूला प्रथमच उत्तर दिले.

"आत्याबाई, तो पेते तवरोक पेऊ द्या. दोष लागला तर मले लागन."

आई गप्प झाली. मी आधीपासूनच गप्प होतो. त्या प्रसंगातला माझा पराक्रम तेवढाच.

दूध दिवसेंदिवस कमी होत गेले, पण मुलगा पीत राहिला आणि पायांत हळूहळू जोर येऊ लागला. पत्नीचा चौथा महिना सरत असताना, एका दुपारी, तो नेहमीसारखा मांडीवर चढला. तोंड लावले, सोडले, आईकडे पाहिले. दुसऱ्या बाजूला लावून पाहिले. मग स्वतःच उतरला, भाकरी थापणाऱ्या आजीकडे गेला आणि हात पुढे केला. अर्धी भाकर त्याने खाल्ली. गालात धरली नाही, गिळली. पुन्हा तो दुधाकडे फिरकला नाही.

"पाहा माह्या पाल्याचा गुण," आई म्हणाली. पाला लावून दोन महिने होऊन गेले होते.

पत्नी भिंतीला टेकून तशीच बसली होती. तिचे डोळे भरलेले पाहून मला नवल वाटले.

"काऊन? आता तर खाऊन राह्यला."

"खाऊन राह्यला, ते चांगलंच झालं," ती म्हणाली. "पण कालचं शेवटचं हाय हे मले माईत असतं, तर त्याले मांडीवरून लवकर उठवलं नसतं."

मी टोपी घातली आणि शाळेत गेलो.