ट्रेलरचे रूळ

चूक माझी होती आणि मी ती चारचौघांत चाचांवर ढकलली. मस्तगडचे हे वेल्डर टेप वापरत नाहीत. वितीनं मोजतात आणि प्रत्येक मापाला ‘बराबर’ म्हणतात. आमची मासेमारीची होडी सहज चढावी म्हणून त्यांनी ट्रेलरचे रूळ दोन वीत खाली घेतले होते. तरी काठावर पाच जणांनी ओढूनही होडी हलेना.

‘वितीनं मोजल्यावर असंच होणार,’ मी सगळ्यांसमोर म्हणालो.

चाचा गुडघाभर पाण्यात उतरून होडीमागं गेले. तिचा दोर मी पाण्यातल्या बाभळीला बांधून विसरलो होतो. त्यांनी गाठ गुपचूप सोडली, ती फक्त मला दिसली, आणि म्हणाले, ‘रूळ जाम झाल्ता जरा. ओढा आता.’

होडी सरकन चढली. मी दोर गुंडाळून होडीत टाकला.

आठवड्यानं त्याच पाच जणांना घेऊन मी त्यांच्या दुकानात गेलो. ‘चाचा, माफ करा. माप तुमचं बराबर होतं, गाठ माझी होती.’