वाणाच्या डब्यातला कागद

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या त्या घरात आम्ही काही मुली वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. घरमालकांना काका म्हणावं लागे. काकांकडे आमच्या खोल्यांची दुसरी किल्ली होती. आम्ही कॉलेजला गेलो की ते वर येत, कपाटं उघडत, वाळत घातलेले कपडे हाताळत.

पिशोरची माझी मैत्रीण एकदा मधूनच परतली, तर काका खोलीत. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, हे बरं नाय."

"बापाच्या वयाच्या माणसाला बोलतेस?" काकू म्हणाल्या. संध्याकाळी तिची बॅग जिन्यात होती. वडील तिला गावी घेऊन गेले, कॉलेज सुटलं. जाताना ती मला म्हणाली, "तू गप ऱ्हा. तुला इथंच ऱ्हायचंय."

मी गप्प राहिले. बोलणं कागदावर सोपवलं.

प्रेसवाल्यानं पत्रकाचा मजकूर वाचून परत दिला. "खाली छापणाऱ्याचं नाव लागतं, ताई. कशाला मला गुंतवता?" मग मी तो टाइप करून लांबच्या दुकानात झेरॉक्स काढल्या. शिवी एकही नव्हती. घराचा पत्ता, दुसऱ्या किल्लीची हकिगत, आणि शेवटी: तुमची मुलगी इथं ठेवाल?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी वाणाचे डबे भरायला मला बसवलं. "ही बरी. मान वर करत नाही." प्रत्येक डब्यात तिळगुळाखाली मी त्या कागदाची एक घडी सरकवली. काकूंनी गल्लीतल्या एकेका बाईला कुंकू लावून ती घडी डब्यासकट स्वतःच्या हातानं दिली. वर म्हणाल्या, "गोड बोला." मी शेजारी उभी राहून गुलाबपाणी शिंपडत होते.

दुसऱ्या दिवशी काका वर आले. पहिल्यांदाच दार वाजवून.

"हिंमत होती तर खाली नाव टाकायचं."

सगळ्यांसमोर बोलली तिची बॅग मला आठवली. मी पुस्तकात बघत राहिले. माझ्यावरून त्यांची नजर नुसती फिरली. "हिला कुठलं एवढं मराठी," ते काकूंना म्हणाले. माझ्या इंग्रजी शाळेची फी त्या दिवशी वसूल झाली.

गल्लीतल्या बायकांनीच मुलींच्या घरी कळवलं. एकेकीचे वडील येऊन सामान घेऊन गेले. एक डबा मी पिशोरलाही पाठवला होता. तिचा फोन आला. "तिळगूळ लई गोड होता," एवढंच म्हणाली.

मी मात्र दाराला स्वतःचं कुलूप लावून परीक्षेपर्यंत तिथंच राहिले. खाली दारावर टांगलेली 'मुलींसाठी खोल्या मिळतील' ही पाटी उन्हानं पांढरी पडताना मला रोज बघायची होती.