पहिला नारळ आयने टाकला

आमच्या खाडीतल्या माशाला घासलेटचा वास यायला लागला तेव्हा मी शाळेत होते. दिसायला मासा चांगला असायचा. बोय चकचकीत, कोळंबी ताजी. पण ठाण्याच्या बाजारात गिऱ्हाईक आयच्या पाटीशी वाकायचं, कल्ला उघडून हुंगायचं आणि पुढे जायचं. आमच्यात आईला आय म्हणतात. हाका मारमारून तिचा घसा बसायचा आणि पाटी तशीच घरी यायची. मग तेच कालवण आम्ही जेवायचो. बाबांनी शेवटी होडी विकून टाकली आणि ते रेती वाहणाऱ्या मोठ्या होडीवर, पडावावर, डुबी मारायला जायला लागले. खाडीच्या तळाशी जाऊन रेतीने बादली भरायची, वर यायचं, परत खाली जायचं. त्यांचे कान वाहायचे. आय कोमट तेल घालायची आणि ते लहान मुलासारखे मान वाकडी करून बसायचे.

वास कुठून येतो हे कोलशेतच्या बाजूच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं. आमच्या जुन्या बंदरावर एका कंपनीने भिंत घातली होती आणि भिंतीतून एक पाइप थेट खाडीत सोडला होता. मी कॉलेजात गेले तशी गावाने पहिलं काम मला सांगितलं ते तक्रार लिहायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंतही पोचलं नव्हतं. मी चांगल्या कागदावर, समास सोडून, प्रदूषणवाल्या सरकारी ऑफिसला तक्रार लिहिली. आयने तो कागद हातात घेतला, वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत बघितला आणि शेजारणीला दाखवून आली.

उत्तर काही आलं नाही. मग नारळी पौर्णिमेला ठरलं की नारळ जुन्या बंदरावरच द्यायचा, पाइपाच्या तोंडाशी. आणि मेलेल्या माशांच्या पाट्या घेऊन गेटवर बसायचं, साहेब येऊन वास घेईपर्यंत. पूजा होती आणि निषेधही होता, खोटं कशाला सांगू? पुरुष गेले तर मार खातील म्हणून बाया पुढे झाल्या. गावात पहिल्या नारळाचा मान आमच्या घराचा. दरवर्षी तो बाबांच्या हातून जायचा. त्या वर्षी सोनेरी कागद लावलेला नारळ पहिल्यांदाच आयच्या हातात आला.

मी कॉलेजातून आले तेव्हा बायांना चौकीत नेलेलं होतं. तशीच धावले. चौकीचं नवं छप्पर, पंखा, बाकडी, सगळं कंपनीने दिलेलं. बाकड्यांच्या पाठीवर कंपनीचं नावसुद्धा रंगवलेलं होतं. बाकड्यावर कंपनीचा माणूस बसला होता, आमच्या बाया खाली जमिनीवर.

फौजदाराने विचारलं, "पहिला नारळ कुणी फेकला?"

माझी आय उठली. पदर नीट केला आणि म्हणाली, "मी टाकला. आमचे घरचा मान हाय तो."

झालं. फौजदाराने तिला आरोपी नंबर एक केलं. बेकायदा जमाव, दंगा, कंपनीच्या मालमत्तेवर नारळांचा मारा.

शेजारीण कुजबुजली, "घे गो, मान पायजे होता ना? आता जेलात पन तूच पयली जा."

"जाईन की," आय म्हणाली. "तू ये मागशी पाटी घेऊन."

हसल्या सगळ्या. पण आय कोपऱ्यातल्या ओल्या नारळांकडेच बघत होती. तिला जेलची भीती नव्हती वाटत. हवालदारांनी पाण्यात उतरून दर्याला दिलेले नारळ पुरावा म्हणून परत काढले होते, ते तिला सहन होत नव्हतं. दिलेलं कुणी परत घेतं का?

जामीन झाला आणि चार दिवसांनी तोच कंपनीचा माणूस घरी आला. टाइप केलेला माफीनामा घेऊन. "मावशी, फौजदारसाहेबांशी बोलणं झालंय आमचं. इथे अंगठा दिलात की केस संपली. पोरगी शिकते ना? पास झाली की ऑफिसात लावून घेतो तिला."

"वाच गो," आय मला म्हणाली.

मी वाचलं. आमच्या हातून गुन्हा घडला, आम्ही माफी मागतो आणि सरकारकडे केलेली तक्रार मागे घेतो.

बाबा कान चोळत कोपऱ्यात बसले होते. नोकरीचं ऐकून त्यांनी वर बघितलं. आयने चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "नारल दर्याला दिला, माफी तुमची कनाला मागू? आनि तक्रार नाय मागं घेनार. ती माझे पोरीनी लिवलीय. अक्षर बघितलाव का तिचा?"

तिने त्याला चहा दिला. तो न पिताच गेला.

पुढे वर्षानुवर्षं तारखा. आय प्रत्येक तारखेला ठेवणीतलं लुगडं नेसायची, अंबाड्यात वेणी माळायची. "लग्नाला चाललीस का?" बाबा चिडवायचे. "सरकार बसतो तिथं," ती म्हणायची. दिवसभर व्हरांड्यात बसून पुढची तारीख घ्यायची आणि आम्ही दोघी भाकरी-सुकट खाऊन परतायचो. माझ्या कॉलेजातले एक सर वकिली करायचे, ते आमच्या बाजूने उभे राहिले. "मावशी, चौकीत कबूल कशाला केलंत?" ते म्हणाले. आयला प्रश्नच कळला नाही. "मान दुसरीला कसा देऊ?"

मी बी.ए. झाले तरी केस चालूच होती. शेवटी कंपनीच्या वॉचमनची साक्ष निघाली.

सरांनी विचारलं, "नारळ कुणाला लागले?"

"कुणाला नाही."

"भिंतीला? पाइपाला?"

"नाही. पाण्यात पडले."

"सगळे?"

"सगळे. नेम चुकला त्यांचा."

आयला राहवलं नाही. पिंजऱ्यातून म्हणाली, "साहेब, मी नेम धरला असता तर चुकला नसता."

कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटनी तिला गप्प बसायला सांगितलं, पण स्वतः रुमाल तोंडाला लावला. मग जप्त केलेला नारळ मागवला. वाळून खडखडत होता. सोनेरी कागद काही ठिकाणी चिकटून होता, कुंकवाचा डागही. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि हवालदाराला विचारलं, "मारायचा नारळ कुणी असा सजवतं का हो?"



निकालाच्या दिवशी सरांनी मराठीत समजावलं तरी आयने माझ्याकडेच बघितलं. मी मान हलवली तेव्हा तिने पदराने माझंच तोंड पुसलं. रडत मी होते.

खाडी त्या निकालाने साफ झाली नाही, आणि बाबांना होडीही परत मिळाली नाही. पण आय निर्दोष सुटली. तिच्याबरोबरच्या सगळ्या बायाही सुटल्या. माफीनाम्यावर कुणीच अंगठा दिला नव्हता, आणि माझी तक्रार आम्ही मागे घेतली नव्हती.