फाळक्यावरचा स्टार्टर

"अण्णा, फाळक्यावर स्टार्टर काढायचा हाय," धनाजी म्हणाला.

अण्णाराव पेंटरनं हातातला ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला आणि विचारलं, "किती एचपीचा?"

यात त्याचं काही चुकलं नव्हतं. उमरग्याच्या हायवेला अडतीस वर्षं ट्रक रंगवणाऱ्या माणसाला लोक काय काय काढायला सांगत नाहीत! एकानं विहीर काढून घेतली होती. एकानं मेलेला बैल. एकाची बायको भांडून माहेरी गेली, तर त्यानं तिचंच नाव हातभर अक्षरात लिहून घेतलं आणि तिच्या गावावरून तीनदा ट्रक फिरवून आणला. ट्रकच्या मागच्या बाजूला खाली पडणारं जे झाकण असतं, ज्याला फाळका म्हणतात, तीच अण्णारावची पाटी. बोअरला पाणी लागलं म्हणून कुणी मोटरचा स्टार्टर काढून मागितला, तर त्यात नवल कसलं? हिरवं बटन कुठं, लाल कुठं, त्यानं मनातल्या मनात जागासुद्धा धरली.

पण धनाजी हसला नाही. "मोटरचा न्हाय वो. पाखरू हाय ते. दादाचं."

मग त्यानं सांगितलं. धनाजी माकणीचा. त्याचे वडील रामकिसन, घरात सगळे त्यांना दादा म्हणत. विहिरीवर नवा स्टार्टर बसवला तेव्हा जुन्याची लाकडी पेटी दादांनी घरी आणली आणि परसातल्या शेवग्याला टांगली. खिळे-मोळे ठेवायला म्हणून. वायर जायचं भोक होतं, त्यातून एक काळं-पांढरं पाखरू आत शिरलं आणि त्यानं घर केलं. दादांनी खिळे दुसरीकडं ठेवले. पहाटे कोंबड्याच्या आधी ते पाखरू शेवग्याच्या शेंड्यावर बसून शीळ घालायचं. दादा म्हणायचे, "दाबला बगा स्टार्टर." तेव्हापासून पाखराचं नावच स्टार्टर पडलं. पुढं दादांची उजवी बाजू गेली. दोन वर्षं परसातल्या बाजेवर पडून होते. डाव्या हातानं मोबाईल धरायचे आणि पाखराचे फोटो काढायचे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेले.

"नव्या गाडीवर तेच पायजे," धनाजी म्हणाला. "आदी तुमच्या विरेशकडंच गेलतो. स्टिकर करून दे म्हणलं."

दुकानाचा अर्धा भाग अण्णारावचा, अर्धा त्याच्या पोराचा. विरेश रेडियमचे स्टिकर कापायचा. आता बहुतेक गाड्या त्याच्याच बाजूला लागायच्या. तो मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "अप्पा, फोटोच तसले हायती. मोठा केला की फुटतोय."

धनाजीनं दादांचा मोबाईल पुढं केला. चाळीसएक फोटो. सगळ्यांत तीच पेटी, तेच भोक आणि कडेला कायतरी काळं फराटलेलं. एका फोटोत नुसती फांदी.

"ह्यात पाखरू कुठाय?"

"हितंच असतंय," धनाजी जरा ओशाळून म्हणाला. "फोटोत येत न्हाय, एवढंच. पन अण्णा, आई म्हणली पायजे, की व्हय, हेच ते. ती न्हाय म्हणली तर पांढरा मारून टाकायचा."

विरेशला नवं मोठं मशीन घ्यायचं होतं आणि ते ठेवायला अण्णारावच्या रंगाच्या डब्यांची भिंत पाहिजे होती. वर्षभर तो ते आडून आडून बोलत होता. अण्णाराव त्याच्याकडं बघत धनाजीला म्हणाला, "पाखरं म्या हजारानं काढलीत. तुझी आई न्हाय म्हणली, तर ब्रशचा डबा बंद. भिंत ह्याला."

विरेशनं आता मात्र मान उचलली. "साक्षीला धनाजी हाय बरं का अप्पा."

हजारानं काढलीत, हे खरं होतं. लहानपणी ढाब्याच्या भिंतीवर कोळशानं रेघोट्या मारताना त्याला एका उस्तादानं पकडलं, कान पिळला आणि हातात ब्रश दिला. उस्तादानं शिकवलं, की जाड कागदावर चित्र काढायचं, रेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद फाळक्याला लावून वरून गेरूची पुरचुंडी आपटायची. ठिपके उमटतात. तो खाका. मग कागद उलटा करून दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच. म्हणून तर ट्रकवरचे मोर, पोपट, कबुतरं सगळी जोडीनं आणि समोरासमोर. फाळक्याला डावं-उजवं सारखं लागतं. शेवटी डोळा काढायचा, मालकाला जवळ उभा करून. डोळ्यात पांढरा ठिपका पडला की मालक नारळ फोडायचा.

अण्णारावनं त्याच हिशेबानं काम केलं. आधी एका फळीवर नमुना. खाका मारला, उलटा मारला. काळं चकचकीत डोकं, पांढरं पोट, पंखावर पांढरी पट्टी, धनाजीनं सांगितलं तसं. ऑइल पेंट आरशासारखा चमकत होता. विरेशसुद्धा म्हणाला, "लई भारी झालंय अप्पा," आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन पुन्हा मशीनवर वाकला.

फळी कापडात गुंडाळून अण्णाराव एसटीनं माकणीला गेला.

विठाबाई परसात शेवग्याच्या शेंगा काढत होती. तिनं हात पदराला पुसले, फळी लांब धरली, जवळ धरली. अण्णाराव तिच्या तोंडाकडं बघत उभा. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय म्हणून त्यानं मान खाली घातली, तर ती हसत होती.

"अवो पेंटर, हे दोन्हीबी नरच की! मेव्हणे-मेव्हणे समोरासमोर उभारल्यावानी दिसायलेत. आता पाव्हण्यांचं काय भांडण हाय का काय?"

"म्हंजी?"

"मादी राखाडी असती. चुलीतल्या राखंवानी. काळा हाय तो गडी."

अण्णारावला कानापाशी ऊन लागल्यासारखं झालं. खाका उलटा केला की उजवं डावं होतं, नराची मादी होत नाही. मग आजवर काढलेल्या त्या सगळ्या जोड्या? मोरांना तर त्यानं दोन्हीकडं पिसारेच काढले होते. कोल्हापूरपासून हैदराबादपर्यंत मेव्हणेच मेव्हणे हिंडत होते आणि अडतीस वर्षांत त्याला कुणी हटकलं नव्हतं.

"मग हारलो म्हणा, आक्का," तो म्हणाला. "फळी ठिवा तुमच्याकडं. कशाला तरी झाकण हुईल."

"हारायला काय खेळ लावलाय व्हय? तुमी बघितलंच न्हाय तर काढणार कसं?" विठाबाईनं शेवग्याखालची बाज दाखवली. "बसा की हितं. ते हितंच पडून बघायचे. ह्यांचा मोबाईल हाय, हे घ्या. म्या च्या ठिवते."

माकणीत तो त्या दिवशी बसला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पुन्हा आला. बाजेच्या सुंभाला एका जागी खोल झोळ पडला होता. अण्णाराव नेमका त्या झोळातच जाऊन बसायचा. पेटी तिथून बरोबर डोळ्यांसमोर यायची.

पाखरू बघायचं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा त्यानं रंग बघितला, कारण तेवढंच त्याला येत होतं. आणि तिथंच गडबड झाली. आपण काळा म्हणून काळाच मारला होता. हा काळा उन्हात निळा व्हायचा, सावलीत शाईसारखा, आणि उडताना तर काळा राहायचाच नाही, नुसती पांढरी पट्टी भिरकन जायची. नर आधी तुळशीकट्ट्यावर उतरायचा. चोचीत अळी. शेपटी ताठ वर करायचा, एकदा, दोनदा. इकडं तिकडं बघायचा. पेटीकडं मुद्दाम बघायचाच नाही, जणू आपलं त्या घराशी काही देणं-घेणं नाही. मग एकदम भोकावर. आत पिलांचा कल्ला. आणि डोळा मिटायच्या आत बाहेर. राखाडी मादी मागं राहायची, भोकातून तोंड काढून बघायची.

त्यानं दादांचा मोबाईल उचलला आणि फोटो काढून बघितला. भोक आलं. कडेला काळं फराटलेलं. पुन्हा काढला. फांदी आली. चार-पाच वेळा तसंच झाल्यावर तो स्वतःशीच हसला.

"येत न्हाय न्हवं?" विठाबाई चहा घेऊन आली होती. "बटन दाबुस्तोर ते गेलेलं असायचं. ह्यांचा हात डावा, आन् तोबी कापायचा. मग म्या म्हणायची, अवो पुसून टाका की, नुसती पेटी कशाला साठवायलाव? तर म्हणायचे, विठे, त्यात ते हाय. आत्ताच गेलंय एवढंच."

तिनं बशी बाजेवर ठेवली आणि शेंगांकडं गेली.

अण्णाराव चाळीस फोटो पुन्हा एकेक करून बघत बसला. चहावर साय धरली. आता त्याला दिसायला लागलं. हे फराटलेलं काळं म्हणजे शेपटी. ही पांढरी रेघ म्हणजे पंख. ह्या फोटोत फांदी मोकळी आहे, पण तिचा शेंडा खाली दबून नुकताच वर यायलाय. त्यातल्या कितीकांत भोकाच्या अंधारात राखाडी ठिपका होता. त्याला वाटलं होतं, त्या माणसाला फोटो काढता येत नव्हते.

उमरग्याला येऊन त्यानं धनाजीच्या गाडीमागं स्टूल ओढलं. विरेशनं विचारलं, "अप्पा, खाका?"

"खाका न्हाय."

"डावं-उजवं?"

"तू तुझं काम कर."

त्यानं डावीकडं पेटी काढली. गंजलेली कडी, पाखरांच्या नखांनी घासून उजळलेली भोकाची कड. पेटीवर वायरमननं कधीतरी खडूनं लिहिलेला आकडा, अर्धा पुसलेला, तोसुद्धा. भोकातून मादीचं राखाडी तोंड. आणि उजवीकडं, फाळक्याच्या अगदी कडेला, जाणारा नर. तोंड नव्हतं त्याला. नुसती ताठ शेपटी, पंखावरची पांढरी पट्टी आणि पुढं गाडीचं लोखंडच संपत होतं. सपाट रंग द्यायची सवय असलेला हात तीनदा अडखळला. तीनदा त्यानं पुसलं. चौथ्यांदा कोरड्या ब्रशनं रंग ओढत नेला आणि सोडून दिला.

धनाजी आईला घेऊन आला तो नारळ घेऊनच. चित्र बघून त्याचा चेहरा पडला. "अण्णा, नराला डोळाच न्हाय. अर्धं पाखरू गाडीभाईर गेलंय की वो!"

विरेश मशीन बंद करून बाहेर आला होता. हायवेवरून ट्रक धडधडत जात होते आणि चौघंजण त्या फाळक्यासमोर उभी.

विठाबाई जवळ गेली. भोकाच्या उजळलेल्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. रंग वाळला होता. मग ती चार पावलं मागं आली, मान तिरकी केली, बाजेवरून बघावं तशी.

"ह्यांनीच काढलाय जणू," ती म्हणाली. "बटन उशिरा दाबलंय."

"म्हंजी आई, व्हय म्हणायचं का न्हाय म्हणायचं?" धनाजी गोंधळला.

"नारळ फोड की रं. कुणाची वाट बगायलास?"

मादीच्या डोळ्यात पांढरा ठिपका द्यायचा राहिला होता. अण्णारावनं तो ब्रश विठाबाईच्या हातात दिला. तिनं दिलेला ठिपका जरा खाली पडला. त्यानं तो सारखा केला नाही.

गाडी निघाली. विरेशनं घाईघाईनं खिशातून मोबाईल काढला, वर धरला आणि तेवढ्यात मधून एसटी आडवी गेली. फोटोत एसटीची खिडकी आली, धुरळा आला, आणि कोपऱ्यात कसलीतरी पांढरी रेघ.

"गेलं अप्पा," तो चुकचुकला आणि पुसायला बोट नेलं.

"ऱ्हाऊ दे," अण्णाराव म्हणाला. "पुसू नको."

विरेशनं मोबाईल खिशात टाकला. मग दुकानात जाऊन टेप काढला आणि नव्या मशीनसाठी आपल्या बाजूचीच भिंत मोजायला लागला.