देसांकाची पोरं आणि कंपनीचं छप्पर

लिपोविक गावात देसांकाच्या हाताखालून न गेलेलं पोर सापडणं कठीण. दिवसभर पोस्टात शिक्के मारायचे आणि संध्याकाळी सहकारी संस्थेच्या सभागृहात पोरांना हातात हात गुंफायला लावून कोलो नाचवायचा, यात तिचं आयुष्य गेलं. नवरा लवकर गेला, मुलगी व्हिएन्नात संसाराला लागली, पोस्टही सुटलं. उरला तो कोलो. पण सभागृहाचं छप्पर पार कुजलं होतं. पाऊस आला की पोरं बादल्यांना वळसे घालत नाचायची. नगरपालिकेचा साहेब दरवर्षी म्हणायचा, “पुढच्या वर्षी बघू, बाई.”

मग खाणवाली कंपनी आली. गावाखालच्या आलुबुखाराच्या बागांमध्ये कसलंसं मोलाचं खनिज सापडलं होतं. कंपनीनं आधी जमिनीला भोकं पाडली आणि पाठोपाठ तरुणांसाठी निधी काढला. फुटबॉलवाल्यांना बूट मिळाले, शाळेला संगणक मिळाले. आणि एके दिवशी कंपनीतली, बेलग्रेडची इवोना नावाची चुणचुणीत पोरगी देसांकाच्या दारात येऊन उभी राहिली.

“मावशी, तुम्हाला काय हवंय? नुसतं सांगा.”

असं देसांकाला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तरी ती आधी मिलिसावकडे गेली. मिलिसाव तिचा कूम, म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला आणि पुढे तिच्या मुलीचं नाव ठेवणारा. आमच्याकडे एक वेळ सख्खा भाऊ तुटेल, कूम तुटत नाही. कंपनीला हवी असलेली सगळ्यांत मोठी बाग त्याचीच होती, आणि तो ती द्यायला तयार नव्हता.

“घे की,” रकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा पेला तिच्यापुढं सरकवत तो म्हणाला. “माझी जमीन गिळायला आलेत, तर पोरांच्या डोक्यावर कौलं तरी घालू देत. पण एक सांगतो देसा, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ते आपल्यात नको. पोळी खा. टाळी वाजवू नको.”

छप्पर झालं, शेगडी आली, भरतकामाच्या नव्या बंड्या आणि परकर आले. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या नृत्यमहोत्सवाला न्यायला बसही कबूल झाली. निम्म्या पोरांनी समुद्र पाहिलाच नव्हता. इवोना तालमीचे फोटो काढायची. “काढ बाई काढ, गोडच दिसतात माझी पोरं,” देसांका म्हणायची.

वसंतात हमरस्त्याच्या वळणावर मोठा फलक लागला. देसांकाची पोरं रांगेत नाचताहेत, मधोमध मिलिसावची नात तेओदोरा खळखळून हसतेय, आणि खाली लिहिलंय: ‘लिपोविकनं हो म्हटलंय!’

बाजाराला निघालेल्या मिलिसावनं तिथूनच ट्रॅक्टर देसांकाच्या घराकडे वळवला.

“माझ्या नातीच्या तोंडून होकार वदवला त्यांनी. उतरवायला सांग तो.”

“मी लावला का रे तो?”

“पोरं तुझ्या हवाली होती, देसा.”

तिनं इवोनाला फोन लावला. “ते वरून ठरतं हो, मावशी,” इवोना म्हणाली. “आणि आत्ता कशाला वाद? समुद्राची ट्रिप तोंडावर आलीय.” आवाज मधाळ होता. ती धमकी होती का, हे देसांकाला कळलं नाही, आणि जाणून घ्यावंसंही वाटलं नाही. पोरांना एकदा समुद्र दाखवू, मग भांडू, असं तिनं मनाशी ठरवलं.

मिलिसावनं तेओदोराला काढून घेतलं. पाठोपाठ इतरांनीही आपापली पोरं काढली. बस निघाली तेव्हा मागची सगळी बाकं रिकामी होती. गेली ती पोरं लाटा बघून किंचाळली, भिजली, हरखली. देसांका पायातले बूटही न काढता वाळूत बसून राहिली. परत आली तर घराच्या फाटकावर कुणीतरी लाल रंगात लिहून ठेवलं होतं: ‘विकाऊ’.

आता तिला भांडायचं होतं, पण इवोना फोन उचलेना. शरदात गावानं खाणीविरुद्ध रस्ता अडवला, तेव्हा चीजची गरम पोळी घेऊन तीही गेली. बायकांनी “ठेवा तिथं” म्हटलं. संध्याकाळी ती पोळी कुत्र्यांनी खाल्ली.

हिवाळ्यात कंपनीनं गाशा गुंडाळला. विजयाची सभा चौकात व्हायची होती. पण बर्फाळ पाऊस लागला म्हणून सगळे सभागृहात शिरले. आत कोरडं होतं, शेगडी ढणढणत होती. मिलिसाव बोलायला उभा राहिला. “आपल्यातलेच काही जण फार स्वस्तात गेले,” तो म्हणाला. देसांकाकडे कुणी वळून पाहिलं नाही, फक्त माना ताठ झाल्या.

देसांका मागच्या रांगेतून उठली. “कूम, तुझ्या डोक्यावर आत्ता छप्पर कुणाचं आहे रे? एवढा विटाळ आहे तर उचकटा की ते! चला, सगळे बाहेर भिजू!”

“बसा हो बाई,” कुणीतरी खेकसलं.

मिलिसावनं टोपी काढली. “छप्पर घे असं मीच म्हणालो होतो, देसा. ते कबूल आहे. पण फलक लागल्यावर तू गप्प बसलीस.”

ती घरी गेली. छप्पर कुणी उचकटलं नाही. मिलिसाव पुढं तीन वर्षं जगला, पण तिच्याशी बोलला नाही.

आता शनिवारी शहरातून एक तरुण मास्तर येतो, कोलो शिकवायला. पगार नगरपालिका देते. देसांकाला कुणी बोलावलेलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात सभागृहातलं अकॉर्डियन ऐकू येतं, पावलंही. “सुरुवात चुकीच्या पायावर करतात गं,” ती मुलीला फोनवर म्हणाली. मुलगी म्हणाली, “आई, इकडे निघून ये.” देसांका म्हणाली, “तिकडे येऊन कुणाला शिकवू?”