अमेरिकन गाडी वरातीला लागली

कारखान्यातून निवृत्त झालो आणि शूटिंगला गाड्या भाड्याने देणाऱ्या मुंबईच्या एका माणसाकडून मी एक जुनी अमेरिकन गाडी विकत घेतली. लांबलचक, उघड्या टपाची, आठ सिलिंडरची, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. ट्रकवर घालून पेणला आणली तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरांचा संसार होता आणि तळातून जमीन दिसत होती. बायकोने दारातूनच विचारलं, "ही उतरवायचीय, की मला नुसती दाखवायला आणलीय?"

उतरवली. अंगणात पत्र्याची शेड घालून पुढची काही वर्षं मी तिच्याखाली आडवा होतो. यंत्रं दुरुस्त करण्यातच नोकरी गेली होती, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती. मिळाला नाही तो भाग दुसऱ्या कशाचा तरी बसवला. रेडिएटर टेम्पोचा, सीटचं रेक्झिन सोफेवाल्याकडचं. बॉनेटवरचे दोन पांढरे पट्टे तेवढे हमरापूरच्या एका मूर्तिकार बाईंनी मारून दिले. गणपतीचे डोळे आखणारा हात, पट्टा केसभरही हलला नाही. अख्ख्या गाडीत तेवढंच काम निर्दोष होतं, आणि ते मी केलेलं नव्हतं.

गाडी सुरू झाली तेव्हा गल्लीतली कुत्री पळाली. मला फार अभिमान वाटला. मग कळलं की पेणच्या बाजारात ती वळत नाही, प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासतं, आणि टप बंद करायला दोन माणसं आणि एक लाकडी दांडका लागतो. बायको एकदाच बसली. परत येताना रिक्षाने आली.

पुढे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. "मी घरी येईन तेव्हा रिक्षा दारापर्यंत आली पाहिजे," ती म्हणाली. "अंगणात एक तर ती राहील, नाहीतर मी येईन."

मी मोबाइलवर जाहिरात टाकली आणि खाली लिहिलं, 'फक्त दर्दी माणसासाठी.'

दर्दी माणूस पुण्याहून आला. जुन्या गाड्या जमवणारा, पांढऱ्या पॅन्टमधला. मी आदल्या दिवशी आरशासमोर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. त्याने टॉर्च काढला, वाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात ओरिजिनल काय आहे?"

"पट्टे सोडले तर," मी म्हणालो, "बरंच आहे."

"चालवून दाखवा."

वडखळच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. आमच्या पुढे लाल मुरुमाचा डंपर. टप ओढून घ्यायला गेलो तर तो अर्ध्यावर अडकला, आणि दांडका घरी राहिला होता. वाऱ्याने टप शिडासारखा फुगला आणि सगळा मुरुम गोळा करून आमच्या डोक्यावर ओतू लागला. इंजिनाचा आवाज ऐका, असं मी ओरडून सांगत होतो. पाहुण्याने डोळे मिटून घेतले होते. ते कौतुकाने, असं मी समजलो. परत आल्यावर त्याने नळाखाली तोंड धुतलं, लाल झालेल्या पॅन्टनिशी आपल्या गाडीत बसला आणि म्हणाला, "विचार करून कळवतो." अजून विचारच करतोय.

त्यानंतर रोह्याहून एक बाई आल्या. मंडप-डेकोरेशनचा धंदा, चाळिशीच्या, पदर खोचलेला. त्यांनी बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही.

"काका, हळू चालते का ही?"

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "ताई, ही हवेसारखी पळते."

"पळवायची नाय मला. वरातीला हवी हाय. नाचणाऱ्यांच्या मागनं चालेल का?"

इतका अपमान माझा कारखान्यातही झाला नव्हता. मी आत जायला निघालो. बायको खुर्चीतून म्हणाली, "ताई, चालेल. ते चालवून दाखवतील."

म्हणून मी आमच्या गल्लीत, पहिल्या गिअरवर, क्लच अर्धा दाबून गाडी चालवली. बाई माझ्याकडे तोंड करून उलट चालत होत्या. मध्येच हात वर करायच्या. "थांबा, आता नाचतायत." थांबायचो. "व्हय, चला." चालायचो. "थांबा, मामा आडवा झाला." गल्लीतले सगळे गॅलरीत आले. माझा पाय लटपटायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "झकास. घेतली." व्यवहार बायकोने उरकला. मी आपला टप बंद करत बसलो होतो.

अंगण मोकळं झालं. ऑपरेशन नीट झालं, रिक्षा थेट पायरीशी लागली. मी दोन दिवस पाना हातात घेऊन रिकाम्या अंगणात जाऊन बसलो, आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

महिन्याभराने रोह्याहून फोन. "काका, आमच्या ड्रायव्हरला ती डाव्या हाताची जमत नाय. दोनदा मंडपात घातली त्यानं. परवा लग्न हाय, तुम्ही येता का?"

"तुमची गाडी, तुम्ही बघा," असं सुनावायचं मी ठरवलं. तोंडातून निघालं, "किती वाजता?"

नागोठण्यावरून एसटीने गेलो. तिथे मला गुलाबी फेटा बांधला. गाडीला झेंडूच्या माळा, मागे नवरदेव, पुढे बँजो पथक, आणि त्याच्या पुढे मामेमंडळी. आमच्या गल्लीत शिकलेलं सगळं उपयोगी पडलं. स्टेशनकडच्या चढावर रेडिएटर तापला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. मी घामाघूम झालो, पण लोकांना ती धुराची व्यवस्था वाटली. त्यांनी शिट्ट्या मारल्या. नवरदेव कानाशी येऊन म्हणाला, "ड्रायव्हर, परत सोडा ना तसंच."

वरात पोचल्यावर मुलीकडचे एक आजोबा मला म्हणाले, "ड्रायव्हरलोकांची पंगत मागं हाय, जेवून घ्या." मी कोण आहे हे त्यांना सांगावं असं क्षणभर वाटलं. पण भूक लागली होती. मागे जनरेटरच्या टेम्पोवाल्याशेजारी पान मिळालं. त्याने श्रीखंड वाढून घेता घेता विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते हो?"

मी खरं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मी त्याच्या पाठीवर थोपटत स्वतःही हसत सुटलो.

या सिझनला माझ्या सहा तारखा लागल्यात. फेटा आता मी स्वतःचा नेतो.